सायबर सुरक्षेवर बोलायला पाहुण्या येणार, समोर बसणार फौजी आणि सरकारी साहेब – कार्यक्रम कसा आखू?

दुसऱ्या_गेटपलीकडचा | सोमवार, रात्री ९.४०
मंडळी नमस्कार. एक काम गळ्यात पडलंय म्हणून हा धागा काढतोय. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून सायबर सुरक्षेवर अर्ध्या दिवसाचं व्याख्यान ठरवलंय आणि ऐकायला कॉलेजची पोरं नाहीत, इथल्या मिलिटरीच्या संस्थांमधले मोठे अधिकारी आणि जिल्हा प्रशासनातले वरचे साहेब लोक येणार आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, ज्युनिअर लीडर्स विंग, सांबऱ्याला एअरफोर्स, शिवाय हलग्याला कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्णसौध, म्हणजे फौज आणि सरकार एका रिक्षाच्या अंतरात आहे म्हणा ना, खरं दोघं एका हॉलमध्ये बसलेत असं फार वेळा होत नाही. बोलायला एक मॅडम येणार आहेत, बँकांवर सायबर हल्ला झाला की नंतर निस्तरायला जातात त्यातल्या. त्या हो म्हणाल्या आणि आता माझी झोप उडाली आहे. विषय काय द्यायचा, किती वेळ, कुठल्या भाषेत, सत्कार किती, सगळंच विचारतोय. माझा अनुभव गणेशोत्सवाच्या मांडवापलीकडे नाही.
(तारीख, हॉल, पाहुण्यांचं गाव, ट्रेन आणि कोण कोण येणार ती यादी काढून टाकली आहे. कारण खालीच आहे.)

शहापूरची_पोर | सोमवार, रात्री १०.०५
दादा, आधी तो मजकूर काढा. आत्ता. तारीख, हॉल, येणाऱ्यांचे हुद्दे, पाहुण्या कुठून कुठल्या गाडीनं येणार, सगळं उघड्यावर टाकलंय तुम्ही! उद्या कोणी त्या मॅडमच्या नावानं मेल पाठवला की ‘सर, अमुक तारखेच्या व्याख्यानाची टिपणं जोडली आहेत’ तर उघडणार नाही का एखादा कर्नल? मी उघडेन. ट्रान्सपरंट ट्राइब नावाची हॅकरांची टोळी आहे, पाकिस्तानशी जोडलेली मानतात, आपली फौज आणि सरकारी बाबू हेच तिचं गिऱ्हाईक. सरकारी मेलला लॉगिन करताना जे ‘कवच’ नावाचं ॲप वापरायचे ना, त्याचीच खोटी आवृत्ती करून २०२२ मध्ये पसरवली होती त्यांनी. म्हणजे सुरक्षेसाठी म्हणून जे डाउनलोड केलं तोच चोर. व्याख्यानाचं आमंत्रण ही त्याहून सोपी गोष्ट आहे.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | सोमवार, रात्री १०.११
अरे देवा. काढलं. पंचवीस मिनिटं होतं तिथं.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०.३०
😂😂 व्याख्यानाच्या आधीच प्रात्यक्षिक झालं की ओ. मॅडमना सांगा पहिली स्लाइड तयार आहे.
चेष्टा सोडा, खरं माझं मत आहे की लाइव्ह हॅकिंग दाखवा. स्टेजवर एखाद्याचा फोन घ्या आणि पाच मिनिटांत त्यातले फोटो पडद्यावर आणा, साहेब लोक ताठ बसतील. नुसतं बोलून काय उपयोग, जेवणाआधीचं सेशन आणि एसी हॉल, अर्धे डुलक्या काढतील.

शहापूरची_पोर | सोमवार, रात्री ११.०२
माझा विरोध. मी पुण्यात ह्याच लाइनमध्ये आहे आणि असले डेमो पोटभर बघितलेत, टाळ्या जोरात पडतात आणि घरी जाताना प्रत्येक जण मनात म्हणतो ‘आपला आयटीवाला पोरगा बघून घेईल’. मॅजिक शोसारखं होतं ते. साहेब लोकांना हॅकिंग कसं करतात ते कळून काय करायचंय, त्यांना निर्णय घ्यायचे असतात. सर्व्हर बंद करा हे कोण सांगणार, पगार बिलं दोन दिवस थांबली तरी चालतील का, वरती कधी कळवायचं. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, आला तेव्हा दोनेक आठवडे सगळं कागदावर चाललं, नोंदणी, रिपोर्ट, सगळं हाताने लिहून. तिथं प्रश्न व्हायरस कसला हा नव्हता, कागदावर हॉस्पिटल चालवायचं कसं ते कुणाला आठवतंय हा होता. डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीला, हाच प्रश्न विचारा ना, कॉम्प्युटर नसताना सातबारा, म्हणजे आपल्याकडचा आरटीसी उतारा, कुणाला देता येईल का.

खानापूरचा_रानगवा | मंगळवार, सकाळी ७.१५
आरटीसीचं सोडा, जानेवारी २०२५ मध्ये कावेरी २.० च्या वेळचं आठवतंय का? दस्त रजिस्ट्रेशनच्या ह्या सरकारी पोर्टलवर बॉट्सनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी, खोट्या विनंत्यांचा मारा केला आणि राज्यभर सब-रजिस्ट्रार ऑफिसांत लोक ताटकळले. माझ्या मामांचं खरेदीखत त्यातच अडकलं, साक्षीदार दोनदा गावाहून आणावे लागले, दोन्ही वेळा जेवण आम्हीच घातलं. काही चोरीला गेलं नाही, नुसतं दार अडवून धरलं. साहेबांना हे पटकन समजेल, कारण त्यांच्याकडे शिव्या तेव्हाच आल्या असणार.

आणि एक गोष्ट सांगतो, एका ऑफिसात बघितलेली, कुठलं ते सांगणार नाही. साहेबांची डिजिटल सही ज्या पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते ना, ते टोकन स्टेनोच्या टेबलाच्या वरच्या खणात, रबर बँडनं स्टँप पॅडला बांधलेलं. पिन टेबलाच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोच्या बाजूला, चिठ्ठीवर. मी समोर उभा राहून वाचला, सहा आकडी. स्टेनो वाईट नाही हं, बिचारा दिवसाला दीड-दोनशे फायली सही करून सोडतो, साहेब मीटिंगला असतात. आता सांगा, त्या मॅडम साहेबांपुढे पासवर्डवर बोलणार, आणि पासवर्ड तर साहेबांना माहीतच नाही!

वकीलबाई | मंगळवार, सकाळी ९.५०
@रानगवा, हे वाचून हसू का रडू. ती सही कायद्यानं हाताच्या सहीइतकीच पक्की आहे, २००० सालच्या आयटी ॲक्टपासून. उद्या त्या टोकननं भलतीच ऑर्डर निघाली तर ‘मी केली नाही’ म्हणून साहेब कोर्टात उभे राहतील आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न काचेचाच येईल.

मला व्याख्यानात एक मुद्दा हवाच आहे. सर्ट-इनचा, म्हणजे सायबर हल्ल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेचा, आदेश आहे, २८ एप्रिल २०२२ चा: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची, लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या वापराच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. नुसत्या कंपन्यांना नाही, सरकारी संस्थांनाही लागू. आता आपल्या ऑफिसांचा क्रम बघा. ऑपरेटर सेक्शनच्या मॅडमना सांगणार, त्या शिरस्तेदारांना, ते ‘साहेब कॅम्पवर आहेत, उद्या बोलू’ म्हणणार. सहा तास शिरस्तेदारांच्या टेबलावरच संपले. आणि शुक्रवारी दुपारनंतर झालं तर सोमवारीच.

कॅम्पातले_काका | मंगळवार, दुपारी २.२०
मी इथे लिहीत नाही फारसं, वाचतो. आज लिहितोय.

फौजेत क्लार्क होतो, बावीस वर्षं. युनिट कुठलं, गाव कुठलं विचारू नका. त्या काळात आमच्याकडे दोन प्रकारचे कॉम्प्युटर, एक आतल्या नेटवर्कचा आणि एक इंटरनेटचा, दोन्हींची टेबलं शेजारी शेजारी. पेन ड्राइव्ह पण दोन, ओळखायला म्हणून आतल्याला मीच लाल दोरी बांधली होती, राखीची. इन्स्पेक्शन चार दिवसांवर, रात्री एक वाजता रिटर्न टाइप करतोय, डोळे चुरचुरत होते, आणि बिनदोरीचा पेन ड्राइव्ह आतल्या मशीनला लावला. लावताच कळलं. स्क्रीनवर काही झालं नाही, नुसता टुडुंग आवाज आला नेहमीचा. मी काढला, खिशात ठेवला, आणि कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगितलं असतं तर इन्स्पेक्शनच्या तोंडावर युनिटचं नाव गेलं असतं, प्रमोशन गेलं असतं, काय काय डोक्यात. तिसऱ्या दिवशी सुभेदार साहेबांना सांगितलं, त्यांनी एक शिवी दिली आणि मला हाताला धरून ॲडज्युटंटकडे नेलं. मशीन तपासली, नशिबानं काही नव्हतं. शिक्षा झाली, ती भोगली, त्याबद्दल तक्रार नाही.

खरं ते दोन दिवस बघा. त्यात काय काय पसरलं असतं. तुमच्या मॅडमना म्हणावं, साहेबांना हे विचारा, की तुमच्या क्लार्कनं रात्री एकला अशी चूक केली तर एक वाजून पाच मिनिटांनी तो तुम्हाला फोन करेल का. बाकी सगळं नंतर.

शहापूरची_पोर | मंगळवार, दुपारी ३.०८
काका 🙏 काय बोलू. तुमच्या टुडुंगवर मी थांबलेच.

ह्याला जगात मोठा जोड आहे. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकन तळावर असाच एक पेन ड्राइव्ह मिलिटरीच्या लॅपटॉपला लागला आणि एजंट-बीटीझेड नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, त्यांच्या गुप्त नेटवर्कपर्यंत गेला. साफ करायला पेंटॅगॉनला जवळपास चौदा महिने लागले, त्या कारवाईचं नाव बकशॉट यांकी. पेन ड्राइव्हवर बंदी घातली आणि २०१० मध्ये सायबर कमांड उभी राहिली त्यामागे ही घटना आहे. एवढी बलाढ्य फौज, तिथंही टेबलं शेजारी शेजारीच असणार काका.

आणि आपलं तमिळनाडूतलं कुडनकुलम अणुवीज केंद्र. सर्ट-इननं ४ सप्टेंबर २०१९ ला कळवलं की मालवेअर सापडलाय, लोकांपर्यंत आलं ऑक्टोबरच्या शेवटी, आधी प्रकल्पाकडून ‘असं काही नाही’ आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, ते चालवणाऱ्या एनपीसीआयएल ह्या सरकारी कंपनीनं मान्य केलं की प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरच्या एका पीसीत होता. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या नेटवर्कवर, तिथं पोचला नाही. पण ‘नाही’ आणि ‘होय’ मधला तो एक दिवस लोकांच्या लक्षात राहिला. साहेब लोकांसाठी हे उदाहरण सोन्यासारखं आहे, कारण प्रेसला काय सांगायचं हा निर्णय त्यांचाच असतो.

निपाणीकर | मंगळवार, दुपारी ४.४५
मी डेमोवाली सूचना मागे घेतो. काका, सलाम.
फक्त एवढंच की उदाहरणं जवळची पण ठेवा, नाहीतर पेंटॅगॉन ऐकून ‘त्यांचं वेगळं’ म्हणतील. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं घ्या, ऑगस्ट २०१८, तीन दिवसांत ९४ कोटी. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि त्यात आपलं कोल्हापूर पण होतं! म्हणजे निपाणीहून तासाभराच्या आत. मॅडम बँकेच्याच लाइनच्या आहेत तर हे त्यांना पाठ असेल.

हिंडलगा_बस | मंगळवार, संध्याकाळी ६.२०
भाषा कुठली? मराठी ठेवा, बेळगाव आहे.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | मंगळवार, संध्याकाळी ६.५५
हे येणार माहीत होतं. बाबा, फौजेतले अधिकारी हरियाणा, केरळ, मणिपूर कुठलेही असतात, डीसी ऑफिसात कन्नड, पाहुण्या मराठी. व्याख्यान हिंदी-इंग्रजी मिसळ, प्रश्न ज्याला ज्या भाषेत येतो त्या भाषेत, आणि खाली स्टाफला द्यायचा एक कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत. बॅनर नियमाप्रमाणे. ह्यावर पुढे इथं भांडण नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि भरपूर आहेत.

आता खरी अडचण. हॉल मिलिटरीच्या हद्दीत घेतला तर गेटवर पास, सगळ्यांचे फोन जमा, आणि मॅडमचा लॅपटॉप आत न्यायला परवानगी वेगळी. सिव्हिल बाजूला घेतला तर फौजी साहेबांच्या येण्याच्या परवानग्या त्यांच्या वरून आणि फोन सगळ्यांच्या खिशात. मला फोन जमा केलेलेच बरे वाटतात, अडीच तास कोणी व्हॉट्सॲप बघणार नाही. खरं स्लाइड्स कशा न्यायच्या? मॅडमना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या ‘पेन ड्राइव्हवर आणते’.

शहापूरची_पोर | मंगळवार, संध्याकाळी ७.०१
😳

कॅम्पातले_काका | मंगळवार, संध्याकाळी ७.३०
लाल दोरी बांधून देऊ का.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | मंगळवार, रात्री ८.१०
मी हळूच म्हटलं मॅडम तुम्हीच जर... तर त्या स्वतःच हसायला लागल्या, म्हणाल्या सवय हो, वीस वर्षांची. मग ठरलं असं की पीडीएफ चार दिवस आधी यजमानांकडे जाणार, ते त्यांच्या पद्धतीनं तपासून हॉलच्या मशीनवर ठेवणार, मॅडम रिकाम्या हातानं येणार. व्हिडिओ नाही, ॲनिमेशन नाही. त्या म्हणाल्या बरंच झालं, चाळीस स्लाइडच्या आठ केल्या.

वकीलबाई | बुधवार, सकाळी १०.१५
वेळेचं बघा. आपल्याकडे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, आभार, आणि मंचावर नऊ खुर्च्या. मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला गेले होते तिथं पाहुण्यांचा परिचय वीस मिनिटं चालला आणि पाहुण्यांना पंचवीस मिळाली. परिचय देणाऱ्यांनी पाहुण्यांची मुलगी कुठं शिकते ते पण सांगितलं, सायबरच्या कार्यक्रमात!! मंच काढूनच टाका ना. सगळे खाली, मॅडम एकट्या उभ्या.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | बुधवार, दुपारी १.४०
मंच काढला तर प्रोटोकॉलवाले मला काढतील. खरं परिचय दोन मिनिटं, शाल नाही, निघताना हातात कुंद्याचा डबा. एवढं पास करून घेतलंय.

शहापूरची_पोर | बुधवार, रात्री ९.२५
मी मॅडमच्या जागी असते तर असं केलं असतं. व्याख्यान चाळीस मिनिटं, बास. त्यात घाबरवणं कमी आणि त्यांच्या रोजच्या गोष्टी जास्त: साहेबांचा फोटो डीपीला लावून ‘मी मीटिंगमध्ये आहे, तातडीनं गिफ्ट कार्ड घे’ म्हणणारा नंबर, ऑफिसच्या ऑर्डरी खासगी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणं, जवानांचे फोन. स्ट्राव्हाचं सांगायलाच हवं, धावायचं ॲप, त्यांनी जगाचा नकाशा टाकला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात मधेच जे उजळलेले चौकोन दिसतायत ते परदेशी फौजांचे तळ आहेत, सैनिक सकाळी तळाच्या कडेनं धावतात त्याची रेघ उमटलेली. आपल्या फौजेनं जुलै २०२० मध्ये ८९ ॲप काढायला लावली ती कुणाला जाच वाटली असतील तर त्यांना हा नकाशा दाखवा. कॅम्पात सकाळी धावणारे किती आहेत ते आपण सगळे बघतोच.

मग उरलेला एक तास खेळ. पाच-सहा जणांची टेबलं करायची, मुद्दाम मिसळून, एक फौजी, एक महसूल, एक पोलीस, एक झेडपी. चिठ्ठी द्यायची: ‘शुक्रवार दुपार ४.४०. तुमच्या आस्थापना विभागातल्या तीन मशीनवर फायली उघडेनात, पडद्यावर पैसे मागणारा मजकूर. सोमवारी पगार.’ दहा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी: ‘एका पत्रकाराचा फोन आलाय.’ तिसरी: ‘बॅकअप त्याच नेटवर्कला जोडलेला होता.’ प्रत्येक वेळी एकच विचारायचं, आत्ता कोण काय करणार, नाव घेऊन सांगा. ‘संबंधितांना सूचना देण्यात येतील’ असं म्हटलं की टेबल बाद 😄

खानापूरचा_रानगवा | बुधवार, रात्री १०.१०
हे भारी आहे. त्यात माझी भर, साहेबांबरोबर त्यांचा स्टेनो किंवा क्लार्क बोलवाच, त्याच टेबलाला. नाव घेऊन सांगा म्हटलं की साहेब मागे वळून त्याच्याकडेच बघणार आहेत, तर तो मागे असलेला बरा. टोकन कुठल्या खणात आहे ते फक्त त्यालाच माहीत.

वकीलबाई | बुधवार, रात्री १०.३५
आणि द्यायच्या कागदावर वरतीच: पैशाची फसवणूक असेल तर १९३० ही हेल्पलाइन, जितक्या लवकर तितकं बरं, मग जिल्ह्याचं सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं. यंत्रणेवर हल्ला असेल तर सर्ट-इन. हे दोन वेगळे रस्ते आहेत, लोक गोंधळतात. नंबर मोठ्या अक्षरात, काचेखाली ठेवता येईल असा. पिनच्या जागी.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | शुक्रवार, रात्री ९.००
अपडेट. खेळ मॅडमना आवडला, चिठ्ठ्या त्याच लिहिणार आहेत. काकांचा प्रसंग नाव-गाव न घेता सांगायची परवानगी काकांनी दिली आहे, एका अटीवर, की ‘शिक्षा झाली’ हे वगळायचं नाही.

काल एक मेल आला. मॅडमच्या ऑफिसातून म्हणून, ‘येणाऱ्यांची नावं आणि हुद्दे पाठवा, टेबलं करायची आहेत’. पत्ता वेगळाच होता, जीमेलचा. सोमवारी रात्री जे पंचवीस मिनिटं उघडं होतं ते आठवून घाम फुटला मला. उत्तर दिलं नाही, मॅडमच्या जुन्या नंबरवर फोन लावला. त्यांचीच असिस्टंट निघाली, घरून काम करत होती म्हणून स्वतःच्या मेलवरून पाठवलं. ती जरा रागावली, मी विश्वास ठेवला नाही म्हणून. मॅडम तिच्यावर रागावल्या. मी मधल्यामध्ये. नावं कोणालाच पाठवली नाहीत, टेबलं हुद्द्यांचे नुसते प्रकार लिहून केली.

निपाणीकर | शुक्रवार, रात्री ९.३०
दादा पास झाला की ओ! कुंद्याचा एक डबा तुम्हालाच.

दुसऱ्या_गेटपलीकडचा | पुढचा बुधवार, संध्याकाळी ५.५०
थांबा, डबा ठेवा. आज ऑफिसांकडून कोण येणार त्याची पत्रं आली. फौजेकडून सगळे स्वतः येतायत, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी येणार असंही कळवलंय. सिव्हिलची सात पत्रं, त्यातल्या चारांत मजकूर एकच, ‘साहेब पूर्वनियोजित बैठकीमुळे उपस्थित राहू शकत नाहीत, त्यांच्या वतीने स्टेनो उपस्थित राहतील’.

खानापूरचा_रानगवा | बुधवार, संध्याकाळी ५.५८
टोकन घेऊन येणार का विचारा.

कॅम्पातले_काका | बुधवार, संध्याकाळी ६.३०
येऊ द्या त्यांना. चिठ्ठी मिळाली की तिथूनच साहेबांना फोन लावायला सांगा. उचलतात का बघू. तेवढा फोन गेटवरून आत सोडायची परवानगी मी मागून देतो.